न्यूयॉर्कच्या जुन्या खाणावळी, सहा दिवस

गिरगावात आमची खाणावळ होती. मासळीचं जेवण, दुपारी दोन पंगती, रात्री एक. बाबांनी ती एकोणतीस वर्षं चालवली आणि इमारत पाडायला निघाली तेव्हा बंद केली. गिऱ्हाईक आटलं म्हणून नव्हे. शेवटच्या शनिवारीसुद्धा लोक जिन्यात ताटकळत उभे होते. जागा आमची नव्हती, एवढंच. तेव्हापासून कुठल्याही गावी गेले की तिथलं सगळ्यात जुनं खाण्याचं ठिकाण शोधून काढते, आणि आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की ही भिंत कोणाची?

यंदा ऑक्टोबरच्या शेवटी दादाच्या मुलीकडे जर्सी सिटीला गेले. तिने स्वातंत्र्यदेवीपासून सगळं आखून ठेवलं होतं. मी म्हटलं, ते होईल गं, आधी मला ज्यूंच्या जुन्या डेली, त्यांच्या मांसाच्या खाणावळी, दाखव. तिने रजा टाकली.

सोमवार

सकाळी पाथ गाडीने मॅनहॅटन, तिथून एफ गाडीने डिलान्सी स्ट्रीट. वर आलो की लोअर ईस्ट साइड. १८८१ साली रशियाच्या झारचा खून झाला, त्यानंतर ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि तिथून १९२४ पर्यंत पूर्व युरोपातले वीस लाखांवर ज्यू अमेरिकेत आले. १९२४ च्या कायद्याने दार लावून घेतलं. आलेल्यांपैकी कितीतरी जणांचा पहिला मुक्काम याच गल्ल्यांत पडला.

ऑर्चर्ड स्ट्रीटवर ९७ नंबरची इमारत १८६३ सालची आहे. आता तिथे टेनेमेंट म्युझियम आहे. टेनेमेंट म्हणजे आपली चाळच. एकेक बिऱ्हाड सव्वातीनशे चौरस फुटांचं, तीन खोल्या, त्यातल्या मधल्या खोलीला उजेड नाही. १९३५ पर्यंत या एका इमारतीत सुमारे सात हजार माणसं राहून गेली. जिन्याचा लाकडी कठडा हाताखाली गुळगुळीत लागला आणि मी तिथेच जरा थांबले. आमच्या चाळीचा कठडा असाच होता.

तळघरात जर्मन नवराबायकोचं मद्यालय होतं, तेही जसं होतं तसं मांडून ठेवलंय. जर्मन लोक या भागात ज्यूंच्या आधीचे. ‘डेलिकटेसन’ हा शब्द त्यांचा, दुकानाची रीतही त्यांची. खारवलेलं, धुरावलेलं मांस, लोणची, पाव. मागून आलेल्या ज्यूंनी त्यातलं डुक्कर काढून टाकलं आणि गाईचं मांस आणलं. पुढे १९३० च्या सुमारास शहरात दीड हजारांच्या वर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, डेली होत्या. आता मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतील की थोडी जास्त लागतील, एवढाच प्रश्न.

दुपारी भूक लागली तेव्हा चालत ईस्ट हाउस्टन स्ट्रीटला गेलो. (टेक्सासमधल्या शहराचं स्पेलिंग तेच, पण इथे उच्चार हाउस्टन. ह्यूस्टन म्हटलं की माणूस बाहेरचा.) १३७ नंबरला योना शिमेल क्निश बेकरी आहे, १९१० पासून. रुमानियाहून आलेल्या एका धर्मशिक्षकाने आधी हातगाडीवर क्निश विकले, मग हे दुकान झालं. क्निश म्हणजे पातळ कणकेत गुंडाळून भाजलेलं बटाट्याचं सारण. आकाराने मोठ्या पेरूएवढा. भट्टी तळघरात आहे आणि क्निश वर येतात ते भिंतीतल्या छोट्या ओढ-लिफ्टमधून. दोरी खेचली, आत खडखड झाली, फळी वर आली. मिरची नाही, हळद नाही, कांदा आणि मिरपूड. पहिला घास मला सपक वाटला. निम्मा संपला तोवर कांद्याचा गोडवा जिभेला कळायला लागला होता, आणि थंडीत हातात धरायला तर तो इतका बरा वाटत होता की संपवूच नये.

मंगळवार

आज कॅट्झची डेली. हाउस्टन आणि लडलोच्या कोपऱ्यावर. सुरुवात १८८८ ची, आइसलँड आडनावाच्या भावांची. १९०३ मध्ये विली कॅट्झ भागीदार झाला आणि काही वर्षांनी दुकान कॅट्झचं झालं.

दारातच माणशी एक तिकीट देतात. जे घ्याल ते आतला माणूस त्यावर लिहितो आणि बाहेर पडताना त्यावरून पैसे द्यायचे. काही खाल्लं नसलं तरी तिकीट परत करावं लागतं. हरवलं तर पन्नास डॉलर. भाचीने माझं तिकीट काढून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मी तिला म्हटलं, बाबांच्या गल्ल्यावर असंच कूपनचं पुस्तक होतं आणि बाबांनी हरवलेलं कूपन कधी नाकारलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मी गोमांस खात नाही. पण पस्ट्रामी, म्हणजे मसाला चोळून धुरावलेलं गोमांस, खाल्ली नाही तरी ती कशी होते आणि कशी कापतात ते बघायचं होतं, त्यासाठीच आले होते. रुमानियात पस्ट्रामा नावाने मांस टिकवत, हंसाचंसुद्धा. इथे आल्यावर गाईच्या पोटाकडचा चरबीदार भाग स्वस्त मिळायचा, तो घेतला. आधी मिठाच्या पाण्यात काही आठवडे मुरवतात. मग मिरे, धने, लसूण असा मसाला चोळतात. मग धूर. मग उकड, आणि शेवटी वाफ. कॉर्न्ड बीफ म्हणतात ते नुसतं मुरवून शिजवलेलं, त्याला धूर नाही.

काउंटरमागे कापणारे ओळीने उभे असतात, प्रत्येकासमोर वेगळी रांग. आमच्या पुढचा कापणारा पन्नाशीचा, मनगट जाड. वाफेतून काळा तुकडा काढून त्याने फळीवर ठेवला, दोन बोटांनी वरून दाबला आणि नुसता हात ठेवून क्षणभर थांबला. धागा कुठल्या बाजूला जातो ते तो बघत होता. मग तुकडा फिरवला आणि धाग्याच्या आडवी सुरी चालवली. यंत्राने कापलं तर पातळ पडतं, पण इतकं मऊ शिजलेलं मांस यंत्रात विस्कटतं, म्हणून हात. प्रत्येक काप पेन्सिलीएवढा जाड, कड काळी, आतून गुलाबी, मध्ये चरबीची पांढरी रेघ. सॅंडविच बांधायच्या आधी त्याने एक काप बशीत ठेवून भाचीपुढे सरकवला. चाखून बघा. हे सगळ्यांना देतात, मागावं लागत नाही.

माझा हात नकळत तोंडाशी गेला. बाबा पहिल्यांदा आलेल्या माणसाला ताट वाढायच्या आधी वाटीत थोडं कालवण द्यायचे. चव बघा, तिखट चालेल ना? त्या वाटीचे पैसे कधीच लावले नाहीत.

मी बटाट्याचे लाटके घेतले, सफरचंदाच्या रसाळ चटणीबरोबर. किसलेल्या बटाट्याचं जाड थालीपीठ म्हणा. कडा कुरकुरीत, मधे ओलसर. सोबत दोन प्रकारची काकडीची लोणची, एक थोडं मुरलेलं, एक पुरतं आंबलेलं. भाचीच्या सॅंडविचमध्ये राय पावाच्या दोन फोडी आणि मोहरी, बाकी सगळं मांस. अर्धं बांधून घ्यावं लागलं. कॅट्झ कोशर नाही, हेही तिथेच कळलं. मांसावर चीज घातलेलं सॅंडविच यादीत आहे आणि मांस-दूध एकत्र करणं ज्यू धर्माला मान्य नाही.

छताखाली अजून दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची पाटी आहे, की तुमच्या सैन्यातल्या मुलाला सलामी, म्हणजे मांसाचं सॉसेज, पाठवा. त्या वेळी मालकांची तीन मुलं युद्धावर होती.

आणि भिंत? भिंत त्यांचीच. आजूबाजूला काचेचे मनोरे उभे राहिले, हे दुकान एका मजल्याचंच राहिलं. त्याच्या डोक्यावर बांधता आलं असतं तेवढं बांधकाम त्यांनी शेजारच्या बिल्डरला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरना विकलं. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको, आपल्याकडे एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे बांधकामाचे हक्क, लहान मुलंही बोलतात. फरक एवढाच की इथे दुकानाचं आकाश विकून दुकानाची जमीन वाचली. मी त्या कोपऱ्यावर उभी राहून बराच वेळ वर बघत होते.

बुधवार

हा माझा दिवस. मासळीचा.

१७९ ईस्ट हाउस्टन, रस अँड डॉटर्स. ज्यूंच्या खाण्यात मांस आणि दूध वेगळं, म्हणून दुकानंही वेगळी. मांसाची ती डेली. मासळी, क्रीम चीज, लोणी यांचं ते ‘अपेटायझिंग’. मासा मांसात धरत नाहीत, तो दुधाबरोबर चालतो. जोएल रस गॅलिशियातून, म्हणजे आताच्या पोलंडकडून, आला, पिंपातले खारे हेरिंग मासे विकत फिरला आणि १९१४ मध्ये त्याने ऑर्चर्ड स्ट्रीटवर दुकान टाकलं. १९२० पासून दुकान या जागेत आहे. त्याला मुलगे नव्हते, तीन मुली होत्या, हॅटी, आयडा आणि अ‍ॅन. तिघी लहानपणापासून दुकानात राबल्या आणि बापाने त्यांना भागीदार करून पाटीवर ‘अँड डॉटर्स’ लिहिलं. ‘अँड सन्स’च्या काळात. आता चौथी पिढी आहे.

ती पाटी बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाबांच्या गल्ल्यावर दहा वर्षं बसले, मासळी बाजारात पहाटे मी जायची, पण बोर्डावर नाव दादाचं होतं. दादालाही हे माहीत आहे आणि त्यानेच मला हे किती वेळा बोलून दाखवलंय.

आत नंबर घ्यायचा. पांढऱ्या डगल्यातली माणसं काचेमागे. माझा नंबर आला तो तरुण मुलीसमोर. मी लॉक्स मागितला तर तिने विचारलं, खरा लॉक्स की नोव्हा? लॉक्स म्हणजे सॅमनचं पोट, नुसत्या मिठात मुरवलेलं, धूर न दिलेलं, चांगलंच खारट. लोक हल्ली लॉक्स म्हणून खातात तो बहुतेक नोव्हा असतो, कमी मिठाचा आणि थंड धुरातला. मी दोन्ही मागितले.

तिची सुरी हातभर लांब, अरुंद, वाकणारी. सॅमनची अख्खी बाजू फळीवर, कातडी खाली. तिने आधी बोटांनी काटे चाचपले, वरची सुकलेली साय पातळ सोलून टाकली. मग सुरी जवळजवळ आडवी धरून शेपटीच्या दिशेने ओढायला लागली. दाबत नव्हती. सुरीच्या वजनाने जेवढं कापलं जाईल तेवढंच. काप सुटायचा तेव्हा पात्याचा रंग त्यातून दिसत होता. प्रत्येक काप तिने कागदावर असा टाकला की आधीच्याला अर्धा झाकेल, चिकटणार नाही. पाव पौंड कापायला तिला पाच-सहा मिनिटं लागली आणि मागे रांग असून कोणी हू की चू केलं नाही. मी आयुष्यभर सुरमईच्या तुकड्या पाडल्या. कोयती, लाकडाचा ओंडका, एक घाव. इथे घाव नाहीच.

मी तिला म्हटलं, मीही मासळीच्या धंद्यातली आहे. तिने सुरी खाली ठेवली आणि हेरिंगचा एक तुकडा टोकावर धरून मला दिला. कांद्यासकट. तो तोंडात टाकल्यावर मला पहिल्यांदा या शहरात परकं वाटेनासं झालं. खारे बांगडे पावसाळ्यात भिजवून, कांदा-कोकम घालून करतो ना, त्याच्या जवळची चव. आंबट, खारट, तेलकट, आणि मागून मासळीचा खरा वास. ज्या लोकांना वर्षातले काही महिने ताजी मासळी मिळत नाही, ते सगळे मिठाकडेच जातात, मग कोकण असो की पोलंड.

इमारत कोणाची, हे मी विचारलंच. ‘कुटुंबाची,’ ती म्हणाली.

बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, त्यावर क्रीम चीज, नोव्हा, कांदा, केपर्सच्या खारवलेल्या कळ्या. बाहेर बाकावर बसून खाल्लं. अजून काही लिहीत नाही त्याबद्दल.

गुरुवार

सेकंड अ‍ॅव्हेन्यू. इथे एके काळी यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, नाटकांची थिएटरं ओळीने होती.

न्याहारी बी अँड एच डेअरीत. १९३० च्या दशकातलं, इतकं अरुंद की काउंटरवर बसलेल्यांच्या पाठीला अंग घासत मागे जावं लागतं. डेअरी म्हणजे मांस अजिबात नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाने या शहरात डोळे मिटून शिरावं अशी जागा. बार्ली-मशरूमचं सूप आणि खाला नावाचा ज्यूंचा पाव, जाड कापलेला, लोणी थापलेला. पाव तिथेच भाजतात. दुकान आता चालवतात ते मूळ इजिप्तचा मुसलमान नवरा आणि पोलंडची कॅथलिक बायको, शेगडीवर लॅटिन अमेरिकेतले आचारी. टी-शर्टवर छापलंय, ‘खाला, पोर फावोर’. हिब्रू पाव, स्पॅनिश विनंती. २६ मार्च २०१५ ला याच रांगेत गॅसचा स्फोट झाला, तीन इमारती कोसळल्या, दोघे गेले. बी अँड एचची भिंत वाचली, पण दुकान पाच महिने बंद होतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पैसे जमवले आणि ते पुन्हा उघडलं.

दोन गल्ल्या पुढे वेसेल्का, युक्रेनी, १९५४ चं. बीटचं लालभडक बोर्श घेतलं, बरं होतं. युद्ध सुरू झाल्यावर यांनी बोर्शचे पैसे युक्रेनला पाठवले.

दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मला थांबायचं होतं. तिथे सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली होती. एब लेबवोल नावाचा माणूस लहानपणी युद्धातून जीव वाचवून आला आणि त्याने १९५४ मध्ये दहा खुर्च्यांचं कॉफीचं दुकान घेऊन ती उभी केली. फुटपाथवर त्याने यिद्दिश नटनट्यांच्या नावाचे तारे बसवून घेतले. भुकेला माणूस त्याच्या दारातून कधी परत गेला नाही, असं आजही सांगतात. ४ मार्च १९९६ ला दुकानाचे पैसे बँकेत भरायला जाताना त्याला गोळी घालून मारलं. खुनी अजून सापडलेला नाही. समोरच्या चर्चपुढच्या छोट्या बागेला त्याचं नाव आहे. त्याच्या माणसांनी दुकान आणखी दहा वर्षं चालवलं आणि २००६ मध्ये भाडं परवडेना म्हणून बंद केलं. त्या जागी बँक आली.

भिंत दुसऱ्याची होती. मी बागेच्या कठड्याला टेकून उभी राहिले. भाचीने काही विचारलं नाही.

२००७ च्या डिसेंबरात त्याच्या पुतण्याने ती तेहतिसाव्या रस्त्यावर पुन्हा उघडली. नाव तेच, सेकंड अ‍ॅव्हेन्यू, पण सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर नाही. संध्याकाळी तिथे मात्झोच्या गोळ्याचं कोंबडीचं सूप घेतलं. बिनखमिराच्या पावाचा चुरा, अंडं आणि कोंबडीची चरबी यांचा गोळा, हलका, चमच्याने आपोआप फुटणारा. आणि निवळ, पिवळा, डिलचा, म्हणजे शेपूचा, वास असलेला रस्सा. नंतर मी कॉफी मागितली, तर दूध नाही. ही पक्की कोशर डेली. मांसाच्या घरात दूध येत नाही.

आणि मला आमच्या खाणावळीतले ते अलिबागकडचे काका आठवले. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरी अस्सल मराठी बोलणारे, शनिवारी काम न करणारे तेली म्हणून कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत त्यांतले. मशिदबंदरच्या सिनेगॉगमध्ये जायचे, शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायचे. खवले आणि पर असलेलाच मासा. कोळंबीच्या दिवशी नुसतं वरणभात. त्यांच्या घरी मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, कारण गाईचं चालत नाही. बाबांनी त्यांच्यासाठी तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) कढईला लागलेला डाव कधी वापरला नाही. ते न सांगता. न्यूयॉर्कला बिनदुधाची कॉफी पिताना ते सगळं अंगावर आलं.

शुक्रवार

दिवसभर पाऊस. सकाळी फक्त ग्रँड स्ट्रीटवर कोसार्स बेकरीत गेलो, १९३६ ची. बियाली घ्यायचे होते. बेगल आधी पाण्यात उकळतात, बियाली तसाच भट्टीत. मधे भोक नाही, खळगा, त्यात भाजका कांदा. बियालिस्तोक या पोलंडमधल्या गावाचा हा पाव. तिथले ज्यू नाझींनी संपवले, ज्यांच्या हातात हा पाव होता ते हात तिथे राहिले नाहीत. तो उरला तो इथे, पिठाच्या हातांत. बियाली गरम होता. पिशवी कोटाच्या आत धरून घरी आणली.

शनिवार

अपर वेस्ट साइड, अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यू. बार्नी ग्रीनग्रास, १९०८ ला हार्लेममध्ये सुरू, १९२९ पासून इथे. स्टर्जन माशाचा राजा म्हणून पाटी. दाराबाहेर अर्धा तास उभं राहावं लागलं. अंड्यांची भुर्जी, त्यात लॉक्स आणि तांबूस परतलेला कांदा. लॉक्सचं मीठ भुर्जीत उतरतं, वरून मीठ लागत नाही. ही मी घरी करणार, खाऱ्या सुरमईची.

शेजारच्या टेबलावरच्या आजींनी मला कार्नेगी डेलीची गोष्ट सांगितली. १९३७ ची, इमारत मालकांचीच, गर्दी कधी हटली नाही, तरी २०१६ च्या अखेरीस बंद. मालकीणबाई थकल्या होत्या. आठवडाभर मी भिंत कोणाची विचारत होते. हे ऐकून जरा गप्प झाले. आमची भिंत आमची असती, तरी बाबांनंतर पहाटे भाऊच्या धक्क्यावर रोज कोण गेलं असतं? दादाची नोकरी, माझं लग्न. गेले असते मी. मला वाटतं मी गेले असते.

रात्री दादाला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ. बरंच सांगितलं, तो ऐकत होता. कापणाऱ्यांच्या सुऱ्यांचं दोनदा सांगायला लावलं.

मग त्याने विचारलं, ‘पहिल्यांदा आलेल्याला चाखायला देतात का गं, वाटीत?’

म्हटलं, ‘देतात रे. आधीच देतात. बशीत.’